तळ्याच्या दक्षिणेचा दगड

१९०५ साली ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेचा नववा खंड प्रसिद्ध झाला. बंगळुरू जिल्ह्यातल्या शिलालेखांचा हा खंड. तो सिद्ध करणारे बेंजामिन लुईस राइस बंगळुरूतच जन्मले होते आणि म्हैसूर संस्थानाच्या पुरातत्त्व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांनी आणि त्यांच्या सहायकांनी संस्थानभर फिरून सुमारे नऊ हजार लेख मिळवले. प्रत्येकाचा मजकूर, लिप्यंतर आणि भाषांतर त्यांनी छापले. शिवाय दगड नेमका कुठे आहे हेही थोडक्यात नोंदवले: अमक्या गावी तळ्याच्या दक्षिणेला, तमक्या देवळासमोर, फलाण्याच्या शेतात.

खंड चाळणारा माणूस ही अर्धी ओळ ओलांडून सरळ मजकुराकडे जातो. राजाचे नाव, दानाचा तपशील, लढाईचे वर्णन हेच त्याला हवे असते. पण शंभर वर्षांनी बंगळुरूतले काही नागरिक हे दगड शोधायला निघाले, तेव्हा त्यांच्या हाताशी होती ती ही अर्धी ओळच. गावाचे नगर झाले होते, शेतात लेआउट पडले होते, तळी बुजली होती. मग खंडातले टिपण घेऊन जुन्या वस्तीत जायचे, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना गाठायचे आणि विचारायचे, “इथे पूर्वी तळे कुठे होते?” ज्याला तळे आठवत होते तो जागा दाखवायचा, आणि कधी कधी तिथे दगड मिळायचाही.

स्थानिक इतिहास जपण्याचे सारे मर्म या शोधात आहे. वस्तू टिकवणे हा कामाचा अर्धाच भाग. ती कुणाची, कुठली, कधीची आणि तिच्याविषयी कोण काय सांगते, ही तिची ओळख टिकवणे हा उरलेला अर्धा भाग, आणि तोच जास्त वेळा हातून निसटतो. वीरगळ संग्रहालयात सुखरूप असेल, पण तो कोणत्या वेशीवरून आणला हे कुणीच लिहिले नसेल, तर त्या गावाचा त्याच्याशी असलेला संबंध तुटला. जुना फोटो पेटीत शाबूत असेल, पण त्यातल्या माणसांची नावे सांगणारी आजी गेली असेल, तर तो फोटो अनोळखी माणसांचा झाला.

दगड वाचवायचा म्हणजे काय करायचे

बंगळुरूच्या दक्षिणेला बेगूर गावी नागेश्वराचे जुने देऊळ आहे. त्याच्या आवारातल्या एका लेखात ‘बेंगळूरु’च्या लढाईचा उल्लेख येतो. तो लेख इ. स. ९०० च्या सुमाराचा आहे. केंपेगौडांनी १५३७ मध्ये शहर वसवले हे आपण शाळेत शिकतो. होयसळ राजाला एका म्हातारीने उकडलेले दाणे दिले आणि त्यावरून गावाला नाव पडले ही दंतकथाही सगळ्यांना ठाऊक असते. हा दगड मात्र सांगतो की ते नाव होयसळांच्याही आधीचे आहे. एवढा मोलाचा लेख, पण बराच काळ तो देवळाच्या आवारात दुर्लक्षित पडून होता.

उत्तरेकडच्या हेब्बाळमध्ये काही वर्षांपूर्वी असाच एक दगड मिळाला. तो गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला, इ. स. ७५० च्या सुमाराचा वीरगळ आहे. गावावर चालून आलेल्या शत्रूशी लढताना कित्तय्य नावाचा वीर पडला, त्याचे हे स्मारक. बंगळुरूतला हा सर्वांत जुना कन्नड लेख मानला जातो. वस्तीतल्या लोकांना त्याचे महत्त्व समजावून सांगितल्यावर त्यांनी तो दूर कुठे नेऊ दिला नाही. नागरिकांच्या पुढाकाराने तिथेच त्याच्यासाठी दगडी मंडप उभा राहिला. त्यामुळे कित्तय्य ज्या गावासाठी पडला त्या गावातच आजही उभा आहे, आणि शाळेला जाणारी मुले त्याच्यासमोरून ये-जा करतात.

पण प्रत्येक दगडाच्या नशिबी मंडप नसतो. गटाराच्या फरशीखाली, घराच्या पायरीत, कुंपणाच्या भिंतीत अनेक लेख गेले. खाली धन पुरले आहे या समजुतीने काही फोडले गेले. काहींना लोकांनी देव मानले म्हणून ते वाचले, पण वर्षानुवर्षे चढवलेल्या तेलाने आणि ऑइल पेंटने त्यांची अक्षरे बुजली. म्हणून दगडाबरोबर त्याची नक्कलही जपावी लागते.

नकलेची जुनी रीत अशी. आधी दगड पाण्याने आणि मऊ ब्रशने स्वच्छ करतात. मग त्यावर ओला हातकागद पसरून केसांच्या ब्रशने ठोकत जातात. कागद कोरलेल्या रेघांत घट्ट बसला आणि थोडा सुकला की कापडी बोंडाने वरून शाई फिरवतात. उंच भागाला शाई लागते, खोलगट अक्षरे पांढरी राहतात. पूर्ण वाळल्यावर कागद अलगद सोलून काढायचा, की दगडाचा हुबेहूब ठसा हातात येतो. ही रीत आजही चालते. पण दगड झिजलेला असेल, तर ठशावर अक्षर कुठले आणि टवका कुठला हे ओळखणे जड जाते.

२०२१ मध्ये बंगळुरूच्या मिथिक सोसायटीने त्रिमिती स्कॅनरने हे काम सुरू केले. पी. एल. उदय कुमार यांच्या नेतृत्वाखाली हा गट शहरातले आणि भोवतालच्या जिल्ह्यांतले शिलालेख टिपतो आहे. हातात धरायचा स्कॅनर दगडावर प्रकाशाचे आखीव पट्टे टाकतो. उंचसखल भागावर ते पट्टे किती वाकतात, यावरून संगणक मिलिमीटरच्या अंशापर्यंत दगडाचा पृष्ठभाग उभा करतो. मग पडद्यावर हवा तिकडून उजेड पाडता येतो. सकाळच्या तिरप्या उन्हात जे अक्षर क्षणभर दिसते आणि दुपारी नाहीसे होते, ते असे पकडता येते. या कामातून राइस यांच्या खंडात नसलेले नवे लेख हाती आले आणि छापलेल्या वाचनांत दुरुस्त्याही झाल्या. दगडाला हात न लावता हे सगळे होते, आणि प्रत्येक नोंदीबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात. राइस यांच्या ‘तळ्याच्या दक्षिणेला’ या टिपणाचा हा पुढचा टप्पा. तळे बुजले तरी अक्षांश-रेखांश हलत नाहीत.

ही मिथिक सोसायटी १९०९ सालची. नृपतुंग रस्त्यावरच्या डॅली मेमोरियल हॉलमध्ये तिचे ग्रंथालय आहे आणि तिचे त्रैमासिकही त्याच वर्षापासूनचे. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. दोन शहरांत पाठोपाठ एकच जाणीव जागी झाली: आपल्या गावच्या इतिहासाची साधने आपणच गोळा करायची, सरकारी खात्यावर विसंबून राहायचे नाही.

शहाजीराजांचे बंगळुरू

मराठी वाचकाला बंगळुरू परके वाटायचे कारण नाही. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांच्या वंशजाकडून हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. लहानपणी शिवाजी महाराज जिजाऊंबरोबर काही काळ इथे राहून गेले. शहाजीराजांनंतर व्यंकोजीराजांनी कारभार पाहिला. पुढे ते तंजावरला गेले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. व्यवहार तीन लाखांचा ठरल्याचे सांगतात. म्हणजे जवळजवळ अर्धशतक बंगळुरू भोसल्यांचे होते.

आज त्या अर्धशतकाची खूण शोधायला गेलो, तर शहाजीराजांचा वाडा दाखवता येत नाही. मग ते इथे होते हे आपल्याला इतक्या तपशिलात कळते कसे? तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या लोकांनी तीन गोष्टी जपल्या म्हणून.

पहिली गोष्ट मल्लेश्वरममध्ये आहे. तिथल्या काडु मल्लेश्वर देवस्थानाशी संबंधित १६६९ सालचा शिलालेख आहे. व्यंकोजीराजांनी देवाला गाव इनाम दिल्याची ती नोंद. आज गजबजलेल्या या भागाचा ‘मल्लापुर’ म्हणून आलेला जुना लेखी उल्लेख त्यातच मिळतो. राजवट गेली, इनाम गेले, तरी देऊळ चालू राहिले आणि लेख राहिला.

दुसरी गोष्ट एक पोथी. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला. बंगळुरूचा दरबार आणि तिथे जमलेले निरनिराळ्या भाषांतले कवी त्यात भेटतात. राजवाड्यांनी ही पोथी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. ती एखाद्या घरच्या माळ्यावर कसरीने खाल्ली असती, तर बंगळुरूचा हा बहुभाषक दरबार आपल्याला ठाऊकही झाला नसता.

तिसरी गोष्ट तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आहे. तिथे १८०३ मध्ये सरफोजीराजांच्या काळात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. बंगळुरूहून निघालेल्या घराण्याने आपली कहाणी शेकडो मैलांवर, परक्या मुलखात, मायबोलीत दगडावर लिहून ठेवली.

देवस्थान, संशोधक आणि वंशज. यांतला एकही कच्चा पडला असता, तर चित्र अपुरे राहिले असते. स्थानिक इतिहास एका कपाटात कधीच सापडत नाही. तो विखुरलेला असतो, आणि विखुरलेले तुकडे जुळतात ते प्रत्येकावर नाव-गाव-काळ लिहिलेला असेल तरच. राजवाड्यांनी १८९८ पासून काढलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड आजही उपयोगी पडतात. गावोगावच्या घरांतून कागद मिळवताना त्यांनी पत्र, त्याची तिथी आणि ते मिळाल्याचे ठिकाण यांना धरूनच इतिहास मांडायचा आग्रह धरला.

बंगळुरूत मराठी माणूस राजाबरोबर आला आणि राजाबरोबर गेला, असे झाले नाही. शिपाई, शिंपी, रंगारी, कारकून, पुजारी अशी कुटुंबे इथेच रुजली. गविपुरमला गोसावी मठ आहे. हैदर आणि टिपू यांच्या राजवटीत सरकारी हिशेब कन्नड आणि फारसीबरोबर मराठीतही ठेवले जात. रजनीकांत म्हणून सारा देश ज्यांना ओळखतो ते शिवाजीराव गायकवाड अशाच एका मराठी कुटुंबात १९५० मध्ये बंगळुरूत जन्मले आणि गविपुरमच्या सरकारी कन्नड शाळेत शिकले. अशा घरांत बोलली जाणारी मराठी तीनशे वर्षे कन्नडच्या शेजारी नांदली. तिच्यातले शब्द, हेल, लग्नातली गाणी, कुळाचाराची पद्धत पुण्या-मुंबईपेक्षा निराळी आहे. तिची नोंद कुठल्याही राजाच्या शिलालेखात मिळणार नाही. ती फक्त त्या घरांतल्या माणसांकडे आहे.

आवाजाची नोंद

बंगळुरूचे मॅजेस्टिक बस स्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर उभे आहे. कंठीरव स्टेडियम संपंगी तळ्याच्या जागेवर आहे. नकाशातून तळी गेली. पण दर चैत्र पौर्णिमेच्या सुमाराला तिगळ समाज करगा उत्सव करतो तेव्हा त्याचे विधी संपंगी तळ्याच्या उरलेल्या छोट्या कुंडापाशी होतात. तळे कुठे होते हे एका समाजाने आपल्या पायांनी लक्षात ठेवले आहे. अशी आठवण कागदावर नसते, म्हणून ती कमी खरी ठरत नाही. पण ज्यांना ती ठाऊक आहे त्यांच्याकडून ती ऐकून नोंदवली नाही, तर एका पिढीत संपते.

लोकांकडून ऐकून इतिहास नोंदवण्याच्या या शाखेला आता जगभर मौखिक इतिहास म्हणतात. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यालय काढले. बंगळुरूत इंदिरा चौधुरी यांनी विज्ञानसंस्थांचा मौखिक इतिहास नोंदवण्याचे मोठे काम केले. २०१९ मध्ये इथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात अभिलेखागार सुरू झाले. तिथे शास्त्रज्ञांच्या प्रयोगवह्या, पत्रे आणि निगेटिव्ह आहेत. त्यांच्या शेजारी मुलाखतींची ध्वनिमुद्रणेही आहेत. प्रयोगवहीत निष्कर्ष असतो, पण तो प्रयोग कुणाला कसा सुचला, उपकरण कुणी जमवून दिले, फसल्यावर काय केले, हे मुलाखतीत मिळते.

याच शहरात ‘कामरा’ हे समलिंगी, ट्रान्सजेंडर आणि तत्सम समूहांच्या अनुभवांचे अभिलेखागार उभे राहिले. चित्रपटकार टी. जयश्री यांचा त्यात पुढाकार आहे आणि आता ते राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या आवारात आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धचा लढा ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने संपला. निकालपत्र कायमचे राहील. पण त्या लढ्यातली वर्षानुवर्षांची भीती, बैठका, मैत्री, घरच्यांशी झालेले वाद यांची साक्ष अशा संग्रहातच राहते. असे संग्रह एक मोठी शिकवणही देतात: जपणे वेगळे आणि जाहीर करणे वेगळे. कोणती मुलाखत आज ऐकवायची, कोणती पुढे कधीतरी, कुणाचे नाव झाकायचे, हे ठरवण्याचा पहिला हक्क सांगणाऱ्याचा असतो.

महाराष्ट्रात या कामाची उत्तम उदाहरणे आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. चळवळीच्या कागदपत्रांत या बायकांची नावे क्वचित येतात. त्या पुस्तकामुळे त्या आपल्या नावानिशी इतिहासात आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे लोकअभिलेखागार २०१७ पासून त्या प्रसिद्ध करत आहे. ओवी कुणीही म्हणो, तिला कर्ता नसतो असे आपण धरून चालतो. या संग्रहात मात्र ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव आहे. त्यामुळे ‘लोकसाहित्य’ या मोघम शब्दामागून हजारो बायका समोर येतात.

घरची पेटी उघडताना

हे काम फक्त संस्थांनी करायचे नसते. बंगळुरूतले असो की बेळगावातले, प्रत्येक घरात एखादी पेटी असते: फोटो, पत्रे, दस्त, लग्नपत्रिका, हिशेबाच्या वह्या. तिच्यापासून सुरुवात करावी.

पहिला नियम, फेकण्याआधी विचारा. मोडीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात. ते ज्याला वाचता येते त्याला दाखवा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेते. दुसरा, दुरुस्तीच्या नावाखाली नुकसान करू नका. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो. लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. टाचण्या आणि स्टेपल गंजून कागद खातात, म्हणून त्या आधी काढाव्या. जुने कागद सपाट, कोरड्या जागी, सुती कापडात ठेवावे. पोथ्या बासनात बांधण्याची आपली रीत याच समजुतीची आहे. तिसरा, स्कॅन केल्यानंतरही मूळ कागद ठेवावा, आणि स्कॅनच्या तीन प्रती तीन जागी ठेवाव्या, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि त्याला पैसे लागत नाहीत. फोटो घेऊन घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि आरंभी तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव मोठ्याने बोला. “हे कोण?” एवढेच विचारून थांबू नका. “आत्या, हा फोटो कुठे काढला? त्या दिवशी काय होतं? मागचं घर कुणाचं?” असे विचारा आणि उत्तराला वेळ द्या. आजीने नातवाला ‘तो तुझ्या आजोबांचा भाऊ’ म्हटले, तर त्याचे पूर्ण नाव, तो काय काम करायचा, बंगळुरूला कोणत्या गावाहून आला, हेही विचारून घ्या. मग फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा. बॉलपेन दाबून लिहिले तर पुढच्या बाजूला उमटते. नाव खात्रीचे नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका. ते प्रश्नचिन्हही पुढच्याला उपयोगी पडते, कारण खरे काय आणि अंदाज काय हे त्याला कळते.

आणि हे सगळे एका घरात कोंडून ठेवू नका. शेजारपाजारच्या चार घरांनी, देवस्थानाने, शाळेने, मंडळाने मिळून एक यादी करावी: कुणाकडे काय आहे, कोण काय सांगू शकते. वस्तू ज्याची त्याच्याकडे राहू दे, यादी सर्वांची असू दे. तिची प्रत गावच्या ग्रंथालयात द्यावी.

राइस यांच्या सहायकाने ‘तळ्याच्या दक्षिणेला’ असे लिहिले, तेव्हा त्याला तळे बुजेल हे माहीत नव्हते. आपल्यालाही माहीत नाही की आपल्या आजच्या गोष्टींपैकी पुढच्यांना काय विचारावेसे वाटेल. कदाचित घरभाडे, कदाचित पाण्याची वेळ, कदाचित गल्लीत किती भाषा बोलल्या जात हे. म्हणून महत्त्वाचे काय याचा निवाडा आज करायला बसू नये. नाव, गाव, तारीख आणि कुणी सांगितले, या चार गोष्टी प्रत्येक वस्तूसोबत लिहाव्या आणि आपल्याकडचा एक तुकडा पुढच्या माणसाच्या हाती ओळखीसकट द्यावा. शहाजीराजांचा वाडा नसतानाही त्यांचे बंगळुरू आपल्याला दिसते, ते असे तुकडे पुढे देणाऱ्यांमुळे. आपल्या आजी-आजोबांचे बंगळुरू पुढच्यांना दिसावे असे वाटत असेल, तर देणारे आता आपण आहोत.